थेंबवाले मिस्त्री

१ जून ते ३१ जुलै सरकार यांत्रिक बोटींची मासेमारी बंद ठेवतं ते माशांच्या पैदाशीसाठी, असा लोकांचा समज आहे. मिस्त्रींच्या मते हे दोन महिने इंजिनांसाठी असतात. अंजनवेलच्या तांडेलांना मात्र इंजिन आठवतं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, आणि मग सगळ्यांना एकदम.

मिस्त्री पिशवीतून आधी काढतात ती वाकडी नळी. जुन्या नोझल पाइपाचा वीतभर तुकडा, एका टोकाला नट, दुसरं टोक बगळ्याच्या मानेसारखं वाकवलेलं. हत्यार एवढंच. डिझेल पंपाच्या एक नंबरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हची स्प्रिंग न् व्हॉल्व्ह काढायचा, होल्डर परत आवळायचा, त्यावर ही नळी. वरून डिझेल सोडलं की धार लागते. मग फ्लायव्हील चालीच्या दिशेनं केसभर केसभर फिरवायचं. आत प्लंजर वर चढत भोक झाकू लागतो. धार बारीक होते, तिचे थेंब होतात, दोन थेंबांतलं अंतर वाढत जातं. थेंब अडला की पंपानं डिझेल दाबायला घेतलं. पिस्टन माथ्यावर यायला तेव्हा किती अंश बाकी आहेत, ते फ्लायव्हीलच्या खुणेवर बघायचं. ठरलेल्या अंशांपेक्षा फरक असेल तर पंपाखालचं शिम: काढलं की डिझेल लवकर, घातलं की उशिरा.

खूण हुकली तर जरासं मागे येऊन भागत नाही. गिअरमध्ये ढिलेपणा असतो, म्हणून बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे यायचं. अशा वेळी कुणी शिंकलं तरी मिस्त्री त्याच्या घराण्याचा उद्धार केल्यासारखे बघतात.

"मिस्त्री, झालं काय?"

"थेंब बघतोय. तू वाईच गप ऱ्हा."

लवकर म्हणजे अॅडव्हान्स, इंजिन ठोके देतं. उशिरा म्हणजे रिटार्ड: धूर, ताप, आणि ताकद नाही. एवढ्यात मिस्त्रींनी सगळं जग बसवलंय. गुहागरची एसटी रिटार्ड. विनोद संपायच्या आत हसणारा मेहुणा अॅडव्हान्स. एन्रॉनचा प्रकल्प नावाला दाभोळचा, उभा अंजनवेलला. १९९९ साली वीज सुरू, महाग पडते म्हणून भांडण, २००१ साली बंद. त्यावर बरीच पुस्तकं निघाली. मिस्त्रींचं एक वाक्य: "गिऱ्हाईक तयार नाय आनि डिझेल मारलान्. ठोका बसनारच!" मला हे पुस्तकांपेक्षा पटतं.

कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या इंजिनांचं नाव काढलं की ते नळी पुसायला घेतात. "त्यात थेंब दिसत नाय. मग चूक कोनाची म्हनायची?"

टायमिंग मिळालं, इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. तांडेल खूश.

"पैसे गणपतीनंतर देतो, मिस्त्री."

मिस्त्रींनी डायरी काढली, त्याच्या नावापुढे लिहिलं: रिटार्ड. मागल्या वर्षीचं पान उलटलं, तिथंही तेच.

"तुज्याखालचं एक शिम काढाया हवं," ते म्हणाले आणि पाना शोधू लागले.