मूळ प्रत कार्यक्रमात समाविष्ट नाही

सहलीच्या छापील कार्यक्रमात फ्लॉरेन्सच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. सकाळी पिसाचा मनोरा फोटोपुरता सावरून झाला, की दुपारी रेनेसाँ. संध्याकाळी सातला भारतीय जेवण. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, दान्ते आणि अख्खं मेदिची घराणं एवढ्या फटीत कोंबायचं असल्यामुळे कुणी रेंगाळायचं नाही, ही पहिली सूचना. दुसरी सूचना स्वच्छतागृहाबद्दल.

बस आधी टेकडीवरच्या मायकेलअँजेलो चौकात नेतात. तिथे पार्किंग आहे. चौकाच्या मधोमध ब्राँझचा डेव्हिड उभा. मंडळी त्याच्याकडे पाठ करून फोटो काढून घेतात आणि मग कानातल्या यंत्रातून गाइडबाई सांगतात, की ही प्रत आहे. हरकत नाही, खाली शहरात दुसरा आहे, संगमरवरी. सिन्योरिया चौकात, जुन्या राजवाड्याच्या दाराशी. पुन्हा रांग, पुन्हा फोटो, आणि पुन्हा कानात आवाज: हीसुद्धा प्रत, १९१० साली बसवलेली. खरा डेव्हिड ऊनपावसाने झिजू नये म्हणून १८७३ सालीच अकादेमियाच्या संग्रहालयात गेला. तो सोमवारी कुणाला भेटत नाही. आपली फ्लॉरेन्सची दुपार कोणत्या वारी येते, ते चाणाक्ष वाचकांनी ओळखलंच असेल.

मग कॅथेड्रलसमोरची बाप्तिस्मागृहाची सोनेरी दारं. गिबेर्तीने त्यांवर १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं घातली. ग्रुपला त्यांच्यासाठी चार मिनिटं मिळतात, आणि तीही योग्यच आहेत, कारण १९९० पासून तिथे प्रत आहे. मूळ दारं मागच्याच संग्रहालयात काचेआड आहेत. कॅथेड्रलचा हिरवा-पांढरा-गुलाबी दर्शनी भाग बघून ‘काय ते मध्ययुगीन कारागीर!’ असा उसासा एखाद्या काकू हमखास टाकतात. तो दर्शनी भाग १८८७ साली पुरा झाला. आपलं बोरीबंदरचं व्हीटी स्टेशनही त्याच सुमाराचं, पण त्याच्यापुढे उसासा टाकायला डोंबिवली फास्ट सवड देत नाही.

बाजारातल्या ब्राँझच्या रानडुकराची कथा तर वंशावळीच्या अंगाने जाते. त्याचं नाक चोळलं की माणूस फ्लॉरेन्सला परत येतो म्हणतात, म्हणून ते नाक हजारो हातांनी लख्ख झालंय. हे डुक्कर १९९८ सालची प्रत. मूळ डुक्कर सतराव्या शतकात पिएत्रो ताक्का याने ओतलं, ते संग्रहालयात. पण ताक्कानेही ते एका संगमरवरी डुकरावरून घेतलं होतं, आणि ते संगमरवरी डुक्कर म्हणजे ग्रीक शिल्पाची रोमन नक्कल. एवढ्या पिढ्यांनंतरही पुण्य लागू पडतं, असा विश्वास बाळगून सगळ्यांनी नाक चोळलं. मग सॅनिटायझर फिरला.

दान्तेचं घर? ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंदाजाने उभारलेलं. सांता क्रोचे चर्चमधली दान्तेची समाधी? रिकामी. १३०२ साली या शहराने त्याला हद्दपार केलं, तो राव्हेन्नात वारला, आणि त्याची हाडं राव्हेन्नावाल्यांनी आजतागायत दिलेली नाहीत. १५१९ साली पोपची परवानगी मिळाली, तेव्हा भिक्षूंनी ती लपवूनच ठेवली. हयातीत हाकलायचं आणि मेल्यावर स्मारक बांधायचं, ही रीत फक्त आपलीच आहे असं मानणाऱ्यांना एवढ्यासाठी तरी फ्लॉरेन्स दाखवावं.

अस्सल वस्तू समोरच होती: ब्रुनेलेस्कीचा घुमट. १४३६ सालचा, चाळीस लाखांवर विटांचा, खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता चढवलेला. वर जायला ४६३ पायऱ्या. ग्रुपच्या गुडघ्यांनी एकमताने तो बाहेरूनच बघितला.

आइस्क्रीमच्या दुकानापाशी मात्र खोळंबा झाला. निवृत्त कोल्हापूरकर काका गाइडबाईंना सोडून थेट टूर मॅनेजरला भिडले. ‘अवो, आमचं राजाराम महाराज हितंच वारलं न्हवं? ती छत्री कुठाय?’

काकांचं बरोबर होतं. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंड बघून परत निघाले होते. वाटेत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला याच शहरात, ऐन विशीत गेले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी. दहन तिथल्या लोकांनी कधी पाहिलेलं नव्हतं, त्यासाठी खास परवानगी काढावी लागली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर रातोरात चिता पेटली. पुढे १८७४ साली त्याच जागी छत्री उभी राहिली, आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. कासिने बागेच्या टोकाला ती आजही आहे, आणि जवळच्या पुलाला गावकरी ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. म्हणजे या शहरात कोल्हापूरच्या मालकीचं काही असेल तर ते हे, तेही जागच्या जागी आणि मूळ.

‘काका, ते आयटनररीत नाही,’ मॅनेजर म्हणाला.

‘मग ऑप्शनलमधे घाला की.’

‘ऑप्शनलमध्येही नाही. आणि जेवण सातला लागतं.’

काकांनी तांबड्या रश्श्याची आठवण काढत पनीर बटर मसाला खाल्ला. गाऱ्हाणं मात्र रास्त आहे, आणि तोडगा फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेलाच सुचवावा म्हणतो. छत्री पडते आडबाजूला, तिथवर ग्रुप नेणं कुणालाच परवडायचं नाही. तेव्हा टेकडीवरच्या चौकात, ब्राँझच्या डेव्हिडशेजारी, महाराजांच्या छत्रीची एक प्रत बसवावी. मूळ छत्री पाहिजे तर संग्रहालयात हलवा आणि सोमवारी बंद ठेवा. चौकात बसला पार्किंग आहे, स्वच्छतागृह आहे. वीस मिनिटांत उरकेल.