ॲपशृंगार: विधी, निषेध आणि आप्पा

प्रस्तुत मार्गदर्शन नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा आणि धडगाव येथील त्या होतकरू तरुणांसाठी आहे, ज्यांनी पुण्यात किंवा सुरतेत राहून ॲप बनवण्याचा कोर्स केला, तिथे नोकरीची वाट पाहिली आणि शेवटी गावी परतून मामांच्या झेरॉक्सच्या दुकानावर ‘येथे मोबाइल ॲप बनवून मिळेल’ अशी पाटी लावली. पार्श्वभूमी, किनार, चित्रांचे थर हे सगळं कोर्समध्ये शिकवलं असेलच. आप्पा शिकवलेले नसतात. ती उणीव येथे भरून काढली आहे.

आप्पा म्हणजे कोणी एक इसम नव्हे, असं सुरुवातीलाच नमूद करतो. मला याच गावात राहायचं आहे. प्रत्येक पतसंस्थेला, मिरचीच्या प्रत्येक पेढीला, प्रत्येक शेतकरी उत्पादक कंपनीला एकेक आप्पा असतोच. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशातून निम्मा बाहेर डोकावणारा फोन, आणि ॲप कसं असावं याविषयी एकच ठाम प्रश्न: “मना फोटो कोठे शे?”

या प्रश्नाला हसू नये. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटले गेले. आधारवर डिजिटल फोटो झळकण्याचा मान या जिल्ह्याला असा सर्वांआधी मिळाला. पण त्या फोटोला ना सोनेरी किनार होती, ना मागे सूर्योदय, ना “जरा गोरा करा” म्हणायची सोय. तेव्हापासूनची ती भूक लोक तुमच्या ॲपवर भागवणार. तयारीत राहावे.

विधी पहिला, पार्श्वभूमीचा. ॲपच्या पडद्यावरची प्रत्येक वस्तू, मग ते बटण असो, नाव लिहायची चौकट असो की नुसती मोकळी जागा, मुळात एक आयत असतो आणि प्रत्येक आयताला आपापली पार्श्वभूमी देता येते. अँड्रॉइडमध्ये रंगाचा संकेत आठ स्थानांचा लिहितात. त्यातली पहिली दोन स्थानं, म्हणजे अल्फा, रंग किती भरीव ते सांगतात: एफएफ म्हणजे ठार भरीव, ८० म्हणजे निम्मा आरपार, ०० म्हणजे असून नसल्यासारखा. ही दोन स्थानं नीट पाठ करावीत. पुढे सगळी अब्रू त्यांच्यावर आहे.

आप्पांना अर्थात रंग नकोच असतो. तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी हात जोडून उभे असलेले आप्पा, हीच पार्श्वभूमी. फोटो भाच्याने काढलेला, आडवा. फोन उभा. इथे शास्त्र दोन मार्ग सांगतं. पहिला, चित्र पडदा भरेपर्यंत मोठं करून बाजू छाटणं. यात तलाव जातो, जोडलेले हात राहतात. दुसरा, चित्र चारी बाजूंनी पडद्याला ताणून बसवणं. यात उंच फोनवर आप्पा उपोषणाला बसल्यासारखे दिसतात आणि आडव्या टॅबलेटवर उपोषण सुटून बरेच दिवस झाल्यासारखे. दुसरा मार्ग कोणत्याही माणसाच्या चेहऱ्यावर वापरू नये. पहिला वापरावा आणि तलावाची समजूत आपण काढावी.

एक हुशार विद्यार्थी इथे विचारील की नाइन-पॅच का नको? तर नाइन-पॅच म्हणजे असं चित्र, ज्याच्या भोवती एक पिक्सेलची कड राखलेली असते आणि त्या कडेत काळ्या रेघांनी खुणा केलेल्या असतात. वरच्या आणि डाव्या बाजूची रेघ सांगते, चित्र कुठे ताणायचं. उजवी आणि खालची सांगते, मजकूर कुठे बसवायचा. चारही कोपरे जसेच्या तसे राहतात, फुगतो तो मधला भाग. नक्षीदार चौकटीला, संदेशाच्या फुग्याला याच्यासारखा उपाय नाही. आप्पांच्या बाबतीत मात्र मधला भाग म्हणजे पोट. पुढचं सांगत नाही.

आता गंभीर बाब. भाच्याच्या कॅमेऱ्यातला फोटो समजा ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा. गॅलरीत त्याचं वजन ३-४ एमबी दिसतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण पडद्यावर दाखवायला तो उलगडावा लागतो, आणि उलगडल्यावर दर पिक्सेलला ४ बाइट. गुणाकार करा: ४ कोटी ८० लाख बाइट, म्हणजे जवळपास ४८ एमबी, आणि तेही लॉगिनच्या चौकटीमागे बसून राहण्यासाठी. २ जीबी रॅमचा फोन हे ओझं घेऊन दोन पावलं चालतो आणि ॲप मिटतं. मग आप्पांचा फोन येतो की ॲप “आपोआप बंद पडी ऱ्हायनं”. उपाय सोपा आहे. चित्र उघडतानाच लांबी-रुंदीत चौथाई करून उघडायला सांगावं. मेमरी सोळावा हिस्सा लागते, ४८ ची ३ एमबी होते, आणि मिशीचा एकही केस कमी झाल्याचं कोणाला कळत नाही.

हलत्या पार्श्वभूमीला हात लावू नये. सारंगखेड्याच्या यात्रेतला नाचणारा घोडा कितीही देखणा असला तरी त्याचा व्हिडिओ हप्ता भरायच्या पानामागे नाचवला, तर बॅटरी दुपारीच मान टाकते.

विधी दुसरा, किनारीचा. किनारीची जाडी डीपीमध्ये मोजावी, पिक्सेलमध्ये नव्हे. दर इंची १६० ठिपक्यांच्या पडद्यावर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल, ३२० वर २, ४८० वर ३. त्यामुळे स्वस्त-महाग सगळ्या फोनवर रेघ सारखीच जाड दिसते. १ डीपीची राखाडी रेघ ही सभ्य माणसाची किनार. आप्पांना ६ डीपीची सोनेरी लागते. द्यावी, वाद घालू नये. पण एक ध्यानात ठेवावं: अँड्रॉइडमध्ये किनार काढली म्हणून आतला मजकूर आपणहून सरकून जागा देत नाही. आतल्या बाजूने निदान तेवढी जागा वेगळी सोडावी लागते. ती सोडली नाही, तर ‘शिल्लक रक्कम’ मधला ‘शि’ सोन्यात बुडतो आणि सभासद ‘ल्लक रक्कम’ घेऊन काउंटरवर येतो.

आप्पांच्या चिरंजीवांकडे आयफोन असल्यामुळे पुढचा परिच्छेद लिहिणं भाग आहे. तिथे प्रत्येक दृश्यामागे एक लेयर असतो, त्याला किनार, कोपऱ्याची गोलाई, सावली सगळं देता येतं. फोटो गोल करायचा तर कडेबाहेरचं छाटून टाकायची आज्ञा द्यावी लागते. ती दिली की सावलीही छाटली जाते, कारण सावली पडते कडेबाहेरच. चिरंजीवांना गोल फोटोही हवा आणि सावलीही. यासाठी दोन थर घ्यावेत: बाहेरचा सावली पाडेल, आतला छाटेल. या एका गोष्टीपायी तरुण पोरांनी रात्री जागवल्याचं मी ऐकून आहे.

विधी तिसरा, थरांचा. हा खरा आपल्या मातीतला विषय. अँड्रॉइडमध्ये थरांची यादी लिहिताना जो आधी लिहिला तो तळाशी जातो, शेवटचा सगळ्यांवर बसतो. कोर्सवाल्यांना हे समजावायला तास लागतो. आपल्याकडे ज्याने एकदा तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लावलाय त्याला शिकवायला नको. सगळ्यात वरच्या रांगेत महापुरुष, त्याखाली देशपातळीवरचे नेते, मग राज्यपातळीवरचे, मग आमदार, मधोमध सगळ्यांहून मोठे आप्पा, आणि खाली गॉगल लावलेले शुभेच्छुक. हाच क्रम ॲपवर हवा, असं आप्पांचं म्हणणं.

फ्लेक्स दहा बाय वीस फुटांचा असतो. फोनचा पडदा बहुधा ३६० डीपी रुंद. बोटाने नीट दाबता यावं म्हणून कुठलीही दाबायची वस्तू निदान ४८ डीपीची असावी असं गूगलचं सांगणं आहे. म्हणजे एका रांगेत सात चेहरे बसतात आणि थोडी जागा उरते, जिच्यावर आठवा हक्क सांगतो. त्यात चेहरे नेमके बटणाच्या मापाचे झाल्यामुळे लोक ते बटण समजून दाबतात. एका सभासदाने तक्रारच केली की आमदारांवर कितीही वेळा बोट ठेवलं तरी काही होत नाही. ही अडचण ॲपच्या पातळीवर सुटणारी नाही.

नेत्यांची चित्रं ॲपच्या आत कधीही कोंबू नयेत. ती सर्व्हरवरून मागवावीत आणि फोनमध्ये साठवून ठेवावीत. शास्त्रीय कारण असं की ॲपचा आकार लहान राहतो. खरं कारण असं की आप्पांनी पक्ष बदलला तर रातोरात नवं ॲप चढवावं लागत नाही. सकाळी सभासद उठतो तेव्हा रांग बदललेली असते.

थर कमी असावेत हे पटवायला एक साधन आहे. फोनच्या डेव्हलपर पर्यायांमध्ये ओव्हरड्रॉ दाखवण्याची सोय असते. ती चालू केली की पडद्याचा जो भाग एकदाच रंगवला तो मूळ रंगात दिसतो. एक थर जादा चढला तर निळा, दोन चढले तर हिरवा, तीनला गुलाबी, चार किंवा अधिकला लाल. लाल म्हणजे फोन तीच जागा पुन्हा पुन्हा सारवतोय आणि बघणाऱ्याला फक्त शेवटचा हात दिसतोय. जे झाकलंच जाणार ते रंगवू नये, एवढाच त्याचा अर्थ. आप्पांचं ॲप मी त्यांच्यासमोर या चाचणीत उघडलं. मोसमात मिरची वाळत घातलेल्या पथारीसारखा अख्खा पडदा लालभडक. आप्पांनी चष्मा वर केला, निरखून पाहिलं आणि म्हणाले, “हाऊच रंग ठेव.”

काळ्या पार्श्वभूमीची रात्रपाळी, जी अँड्रॉइड १० पासून २०१९ साली फोनभर आली, तिच्यासाठी रंगांचा वेगळा संच ठेवावा. नाहीतर पांढऱ्यावर कापलेल्या फोटोची कड अंधारात उजळते आणि आप्पांना तेजोवलय येतं. त्यांना ते आवडेल. तरी टाळावं.

धडगावकडच्या सभासदांसाठी: चांदसैलीचा घाट लागला की रेंज जाते. तिथे ६ एमबीची नक्षी उतरवून घ्यायला लावणाऱ्याला त्याच घाटात फोन वर धरून उभं करावं. रंगांचा उतार, गोल कोपरे, किनार हे सगळं चार ओळींच्या वर्णनातून फोन स्वतः काढू शकतो. वर्णन काहीशे बाइटचं असतं. चित्र पाठवूच नये.

विधी चौथा, उन्हाचा. हा कुठल्या पुस्तकात धड नाही. साध्या अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा उजेडातला फरक निदान ४.५ ला १ असावा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो, एवढं जागतिक नियमावली सांगते. पांढऱ्यावर सोनेरी अक्षरं त्यात नापास होतात, फिकट राखाडीही होतात. पण ही मापं घरात बसून ठीक. पेढीच्या ॲपमध्ये ओल्या लाल मिरचीच्या वजनाची नोंद करणारी ताई पथारीवर भर दुपारी उभी असते. खकाण्यासाठी तोंडाला ओढणी घट्ट बांधलेली, बोटांना तिखट, फोनच्या काचेला आडवा तडा. एका हाताने पडद्यावर सावली धरायची, दुसऱ्याच्या अंगठ्याने आकडा टाकायचा. मागून गाडीवाला ओरडतोय. मी तिथे गेलो तेव्हा तिने एवढंच विचारलं, “दादा, हे साहेब थोडे बाजूला सरकत नाहीत का? यांच्या शर्टावर आकडा दिसतच नाही.”

काय सांगायचं तिला? पांढरा शर्ट, त्यावर पांढरी चौकट, त्यात राखाडी आकडे, भोवती सहा डीपी सोनं. आणि एक शून्य चुकलं तर रात्री हिशेबाला तिलाच बसवणार, शर्टाला नाही. अशा वेळी शृंगारशास्त्र बाजूला ठेवावं. पांढरी कोरी पार्श्वभूमी, काळी ठसठशीत अक्षरं, वजनाचा आकडा पडद्यावर सगळ्यात मोठा, ‘जतन करा’चं बटण खाली अंगठ्याखाली, ४८ नव्हे चांगलं ६४ डीपीचं. बस. अर्ध्या दिवसाचं काम आहे ते, तेवढ्यासाठी कोर्स लागत नाही.

राहता राहिले आप्पा. त्यांच्यासाठी ॲपला एक अट घालता येते: लॉगिनचा नंबर आप्पांचा असेल तर तलाव, सोनं, सात चेहरे, सगळं हजर, बाकी कोणाचाही असेल तर कोरं पान. याला फसवणूक म्हणू नये. प्रत्येकाला त्याच्या जबाबदारीप्रमाणे दृश्य दाखवणं ही संगणकशास्त्रात मान्य रीत आहे.

ती चालते कुठवर, तर आप्पा स्वतः पथारीवर येईपर्यंत. ते आले, गाडीतून उतरले, फोन काढला आणि उन्हात त्यांना स्वतःचाच फोन वाचता येईना. डोळ्यांवर हात धरून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, शेवटी ताईच्या हातातला तडा गेलेला फोन मागून घेतला. त्यावर दिवसाचं एकूण वजन एका नजरेत दिसलं. बराच वेळ ते पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले की हे आपल्याला का नाही दिलं? हेच टाक आपल्याही फोनात. सगळ्यांच्या फोनात हेच. मी मान डोलावली. दोन पावलं जाऊन ते थांबले.

“फोटो ऱ्हाऊ दे पन.”

तर फोटो आहे. सगळ्यात खालच्या थरावर, अल्फा ०डी, म्हणजे जेमतेम पाच टक्के. उन्हात तो अजिबात दिसत नाही. पेढीच्या एसी केबिनमध्ये, दिवा बंद करून, ब्राइटनेस पूर्ण वर नेला की दिसतो, आणि तिथे तो बघणारं एकच गिऱ्हाईक आहे.