नेत्रागमन

मराठीत काही दुखणी होतात, काही लागतात आणि काही येतात. सर्दी होते, अपचन होते. ही घरच्या माणसांसारखी, त्यांच्या होण्यात समारंभ असा काही नसतो. उचकी लागते, ठसका लागतो. हे वाटसरू, पेलाभर पाणी दिले की मार्गस्थ होतात. परंतु ताप येतो, भोवळ येते, पूर्वी देवी येत असत, आणि डोळे येतात. आणि यांपैकी पहिली तिन्ही निदान आधी नसतात म्हणून मागाहून येतात, हे समजण्यासारखे आहे. डोळे मात्र जन्मापासून आपल्या जागी हजर असून, साठ-पासष्ट वर्षे चष्म्याच्या देखरेखीखाली इमानेइतबारे चाकरी बजावून, एके दिवशी पहाटे नव्याने येतात आणि ज्या घरात ते पूर्वीपासून राहत होते त्याच घरात पाहुणे म्हणून ठाण मांडतात, ही किमया मला अजून उलगडलेली नाही.

ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती २०२३ सालच्या अधिक श्रावणात, बंगळूर मुक्कामी. शनिवारी पहाटे जाग आली तेव्हा उजवा डोळा उघडेना. वरची आणि खालची पापणी रात्रभरात चिपडांनी अशी सांधली गेली होती की जणू कोणी लाख ओतून खलित्यावर मोहर केली असावी. कोमट पाण्याचा बोळा पाच मिनिटे धरल्यावर ती मोहर फुटली आणि आरशात पाहतो तो पांढऱ्याच्या जागी अर्धवट पिकलेल्या करवंदाचा रंग, पापणीला सूज आणि आत कोणी वाळूची चिमूट टाकल्यासारखी खुपखुप. दुधाची पिशवी आणण्यास खाली उतरलो तोच आमचे शेजारी समोर आले. ते गणिताचे निवृत्त शिक्षक असून मल्लेश्वरमातील आमची सारी गल्ली त्यांना 'मेष्ट्रु' म्हणते. "एन् सार, कण्णु केंपागिदे?" डोळा लाल झाला आहे का, अशी त्यांनी चौकशी केली. माझे कानडी हे मराठीच्या वाक्यांना कानडी शब्दांचा अंगरखा चढवून तयार झालेले असल्यामुळे मी म्हणालो, "कण्णु बंदिदे", म्हणजे डोळा आला आहे. मेष्ट्रु क्षणभर गंभीरपणे माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले आणि मग शास्त्रशुद्ध जिज्ञासेने त्यांनी विचारले, "एल्लिंद?"

कोठून? प्रश्न विनोदाचा असेल तर असो. बत्तीस वर्षे हिशेबतपासणीच्या खात्यात दुसऱ्यांच्या दप्तरांतील उणिवा हुडकण्यात घालविलेल्या माणसाला तो फार बोचला. कोणतीही रक्कम खर्ची पडली की ती कोठून आली याची नोंद हवी; मग आख्खा डोळा आला आणि त्याचे आवकपत्र नाही, हे कसे चालावे? मी त्याच दिवशी रीतसर तपासास आरंभ केला.

पहिला संशयित म्हणजे धूळ. या शहरात वर्षानुवर्षे कोठे ना कोठे मेट्रोचे खांब उभे राहत असतात, आणि उरलेले रस्ते कोणत्या ना कोणत्या खात्याने खणून ठेवलेले असतात, त्यामुळे गार हवेचा म्हणून लौकिक असलेल्या या गावी हवेपेक्षा तिच्यातील ऐवजच अधिक भरतो. दुसरा संशयित गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या भूखंडावर कमरेइतका माजलेला होता. बारीक पांढऱ्या फुलांचे ते गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो आणि कानडी लोकही 'काँग्रेस गिडा' म्हणतात, ते अमेरिकेकडून धान्याच्या पोत्यांतून आले असे सांगतात. भारतात त्याच्या प्रसाराची सुरुवातीची ठळक नोंद झाली ती १९५५ च्या सुमारास पुण्यात, म्हणजे पुण्याहून येऊन बंगळुरात स्थायिक झालेल्यांमध्ये ते मला ज्येष्ठ होय. त्याच्या परागांनी डोळे चुरचुरतात, नाक वाहते आणि कातडीला खाज सुटते. त्याचा बंदोबस्त करण्यासाठी येथल्याच शास्त्रज्ञांनी १९८३ साली मेक्सिकोहून एक भुंगेरा मागविला आणि पुढच्या वर्षी त्याला या गवतावर रुजू केले. तो पाने इमानाने खातो अशी त्याची ख्याती आहे; परंतु आमच्या भूखंडावर अद्याप त्याची बदली झालेली दिसत नाही.

खरे सांगायचे तर हे दोघेही नाममात्र आरोपी होते. माझा पक्का संशय होता तो तिसऱ्यावर, आणि त्याचे नाव उच्चारण्याची सोय नव्हती, कारण ते आमचे जावई होते. अधिक महिना असल्यामुळे लेक-जावई वाण घेण्यास शुक्रवारी सकाळी पुण्याहून आले होते. जावईबापू दारात उभे राहिले ते डोळ्यांवर काळा चष्मा चढवून. पुण्यात तेव्हा डोळ्यांची साथ जोरात होती, आळंदीत तर शाळकरी मुलांपासून तिचा फैलाव झाल्याच्या बातम्या मी रोज वाचत होतो, आणि अशा मुलखातून काळा चष्मा लावून आलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी यजमानाचा डोळा लाल करतो, याला तपासाच्या भाषेत परिस्थितिजन्य पुरावा म्हणतात. मी ही कैफियत दबक्या आवाजात कुटुंबापुढे ठेवली. "अहो, हळू बोला," ती म्हणाली. "अधिकाचे जावई म्हणजे साक्षात विष्णू. विष्णूचे कधी डोळे येतात का?"

विष्णूवर फिर्याद करण्याचा अधिकार मला नसल्यामुळे मी ग्रंथांकडे वळलो. सुश्रुताने उत्तरतंत्रात नेत्ररोग शहात्तर सांगितले आहेत आणि त्यांची कारणे सांगताना असा काही विस्तार केला आहे की पेन्शनीत निघालेल्या कोणत्याही गृहस्थाला त्यातून सुटका नाही. उन्हाने तापलेल्या अंगाने पाण्यात शिरणे, फार दूरवर पाहणे, फार सूक्ष्म पाहणे, अवेळी झोपणे, रडणे, आलेले रडू दाबून ठेवणे, क्रोध, शोक, धूळ, धूर. दुपारी झोपतो मी, रात्री जागतो मी, चार बोटांच्या भ्रमणध्वनीवर मुंगीएवढी अक्षरे वाचतो मी, आणि बंगळूरच्या चौकात रिक्षावाल्याशी भाडे ठरविताना क्रोध आणि दाबून ठेवलेले रडू ही दोन्ही कारणे एकसमयावच्छेदेकरून घडतात. परंतु त्याच संहितेत निदानस्थानात मला मौल्यवान दाखला मिळाला. एका माणसापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांत सुश्रुताने नेत्राभिष्यंदाची, म्हणजे डोळे येण्याची, गणना केलेली आहे आणि तो स्पर्शाने, सहभोजनाने, एका शय्येवर निजल्याने आणि एकमेकांची वस्त्रे व माळा वापरल्याने जातो असे म्हटले आहे. जावईबापूंबरोबर सहभोजन झाले होते. माळ तर मीच त्यांच्या गळ्यात घातली होती. मी ते पान दुमडून ठेवले.

दरम्यान मेष्ट्रूंनी आपला निकाल देऊन टाकला होता. "मद्रास आय," ते म्हणाले. दक्षिणेत या दुखण्याला सर्रास हेच म्हणतात. मद्रासेस १८१९ सालापासून डोळ्यांचे इस्पितळ आहे आणि तेथील कर्कपॅट्रिक या शल्यवैद्याने १९२० साली डोळ्यांच्या एका साथीचे वर्णन छापून प्रसिद्ध केले. ज्याने रोगाची नोंद आधी केली त्याच्याच माथी रोग मारावा, असा हा न्याय दिसतो. यावरून मी थोडे अधिक चाळले, तेव्हा हा न्याय जगभर चालू असल्याचे आढळले. नेपोलियनच्या १७९८ च्या मोहिमेनंतर इजिप्तमधून सैनिक डोळे घेऊन परतले, तेव्हा युरोपने त्या रोगाला 'इजिप्ती' ठरविले, आणि लंडनचे सुप्रसिद्ध मूरफील्ड्स इस्पितळ १८०५ साली निघाले ते त्याच धामधुमीत. १९७१ मध्ये पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे आले आणि त्याच सुमारास डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा कलकत्त्याने तिचे नाव 'जय बांगला' ठेवले. घोषणा आणि रोग एकाच नावाने फिरू लागल्याचे हे एकमेव उदाहरण असावे. त्याच्या दोन वर्षे आधी, १९६९ साली, आफ्रिकेत घानामध्ये ही साथ सुरू झाली ती मनुष्य चंद्रावर उतरण्याच्या सुमारास. तेथील लोकांना दोष देण्यास जवळपास कोणी सापडेना, म्हणून त्यांनी तिला 'अपोलो ११' म्हटले आणि दोष सरळ चंद्राकडे रवाना केला. आणि आपण तरी कमी काय? भावमिश्राने एका दुर्धर व्याधीला 'फिरंगरोग' असे नाव देऊन तो फिरंग्यांच्या पदरात टाकलाच होता. सारांश, रोग नेहमी शेजाऱ्याच्या गावचा असतो. माझ्या मनात मी माझ्या रोगाला केव्हाच 'पुणेरी' ठरविले होते, तेव्हा मेष्ट्रूंना हसण्याचा हक्क मला राहिला नव्हता.

मेष्ट्रूंनी निकालाबरोबर शिक्षाही दिली होती, म्हणजे औषधाची अर्धी उरलेली एक कुपी. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांना तिने 'एका रात्रीत' गुण आला होता. मी दोन थेंब टाकलेही. तेवढ्यात ते म्हणाले, "नाहीतर मिंटोला जा." चामराजपेठेजवळचे हे मिंटो नेत्रालय म्हणजे जुन्या बंगळुरी माणसाचे अखेरचे न्यायपीठ, १८९६ मध्ये लहानशा दवाखान्यापासून ते सुरू झाले, १९१३ मध्ये त्याची दगडी इमारत उभी राहिली आणि एका व्हाइसरॉयचे नाव, त्याचे राज्य जाऊनही, या गावात डोळ्यांच्या मिषाने टिकून राहिले. परंतु दोन थेंबांच्या अपराधासाठी एवढ्या मोठ्या दरबारी जाणे प्रशस्त न वाटून मी कुटुंबासह जवळच्याच एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण उलटतपासणीत माझ्या जुन्या वरिष्ठांच्या तोडीच्या. खाज आहे की खुपते? खुपते. एका डोळ्यापासून सुरुवात, की दोन्ही एकदम? एका. कानापुढे बोटाने दाबून त्यांनी तेथे सुजलेली एक गाठ मला दाखविली, जिच्या अस्तित्वाची मला वार्ताही नव्हती. मग म्हणाल्या की परागांनी किंवा धुळीने डोळे आले तर बहुधा दोन्ही डोळ्यांना अनावर खाज सुटते. जिवाणूंनी आले तर दाट पिवळा पू दिवसभर येत राहतो. आणि एका डोळ्यापासून सुरुवात होऊन पाणी वाहणे, खुपणे आणि ही गाठ, म्हणजे विषाणूचे काम. यावर रामबाण औषध नाही. कृत्रिम अश्रूंचे थेंब, थंड पाण्याच्या घड्या आणि दोन आठवडे धीर. मात्र डोळ्यात खोलवर कळ आली, दिसणे अंधुक झाले किंवा उजेड सोसेनासा झाला, तर क्षणभरही न थांबता यायचे, कारण लाल डोळ्याच्या वेषात बुबुळावरचा व्रण आणि काचबिंदू हेही येतात. नंतर त्यांनी मेष्ट्रूंची कुपी हातात घेतली, तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली आणि ती शांतपणे केराच्या डब्यात टाकली. तिच्यात स्टिरॉइड होते. त्याने लाली एका रात्रीत उतरते हे खरे. पण विशिष्ट विषाणू असला तर बुबुळाचा सत्यानाश होतो, आणि कारण नसता फार दिवस वापरले तर डोळ्यातला दाब वाढतो. शिवाय उघडलेली कुपी महिन्याभरानंतर कोणाच्याच डोळ्यात घालायची नसते, मग देणारा शेजारी कितीही प्रेमळ असो.

"आणि सुरुवात कधी झाली?" त्यांनी शेवटी विचारले. "शनिवारी," मी म्हणालो, आणि जावयांचे आगमन शुक्रवारी झाल्याचे ओघात सुचविले. "गुरुवारी," कुटुंब म्हणाले. मी चमकून पाहिले. "गुरुवारी मी अनारसे तळत होते, तेव्हा हे दारात उभे राहून खसखस सांडू नका म्हणून सांगत होते आणि उजवा डोळा सारखा चोळत होते. तुपाच्या धुराने, म्हणाले. मला काही धूर लागला नाही."

सरकारी कागदपत्रांत एका तारखेने मोठमोठे खटले ढासळताना मी पाहिले आहेत, परंतु स्वतःचा खटला ढासळताना कसे वाटते त्याचा अनुभव प्रथमच आला. गुरुवारी डोळा चुरचुरत होता. जावई शुक्रवारी आले. ते निर्दोष होते. इतकेच नव्हे, तर शुक्रवारी त्यांना हात-तोंड पुसण्यास नवा पंचा सापडेना म्हणून मी अगत्याने माझाच त्यांच्या हातावर ठेवला होता. काळ्या चष्म्याचा खुलासा लेकीने घरी पोहोचताच केला. बसमध्ये कोणाकडे पाहून साथ लागू नये म्हणून त्यांनी तो घातला होता. डोळ्यांची साथ नजरेने लागत नाही, हाताने लागते, हे बाईंनी मला नुकतेच पढविले होते. बिचारे विष्णू, सुदर्शन विसरून पीतांबर सावरीत आले होते.

मग माझ्यावर जप्ती आली. पंचा, उशीचा अभ्रा, चष्म्याचे फडके आणि साबण यांवर कुटुंबाने लाल दोरा बांधून त्यांचा स्वतंत्र सवतासुभा केला. चौथ्या दिवशी डावा डोळाही आला, आणि मग वाचनाची मनाई झाल्यामुळे मी एक गोष्ट मोजावयास बसलो: आपला हात तासाभरात चेहऱ्याकडे किती वेळा जातो. एकोणीस वेळा. कठड्यावरून, सुट्या पैशांवरून, बागेतल्या बाकावर चार जणांनी चाळलेल्या वर्तमानपत्रावरून उठलेला तो हात, कोणतीही परवानगी न घेता, थेट डोळ्याच्या खासगी दिवाणखान्यात शिरत होता. बत्तीस वर्षे मी परक्यांचे हात तपासले. आपल्या दोन हातांचे आवक-जावक पुस्तक मात्र कधी उघडलेच नव्हते.

पंधराव्या दिवशी मी आरशात पांढरे स्वच्छ डोळे पाहिले. तत्पूर्वी, दहाव्या दिवशी, पुण्याहून लेकीचा फोन आला होता. "बाबा, त्याचे डोळे आलेत. दोन्ही." मागून जावईबापूंचा नम्र आवाज आला, की काळजी करू नका, विशेष काही नाही; फक्त कचेरीत आता आणखी तिघांचे आले आहेत आणि सगळे त्याला 'बंगळुरी डोळे' म्हणू लागले आहेत. कुटुंबाने फोन ठेवला आणि बोटांवर हिशेब केला. "वाणाला अनारसे तेहतीस दिले," ती म्हणाली, "आणि वर हे दोन तुमच्याकडून."

संध्याकाळी मेष्ट्रु फाटकाशी भेटले. मद्रासची निर्दोष सुटका झाल्याचे मी त्यांना सांगितले तेव्हा ते किंचित हिरमुसले, पण जुना प्रश्न ते विसरले नव्हते. "हागादरे एल्लिंद?" त्यांनी विचारले, मग आले तरी कोठून? मी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले आणि माझ्या कानडीतले पहिलेच निर्दोष उत्तर दिले: "कैयिंद." हातातून.