बर्फ चारही चाकांखाली असतो

ऑगस्टात टोरांटोला उतरलेला मराठी पोरगा थंडीच्या तोंडावर जुनी गाडी घेतो. सनरूफ बघतो, मागचा कॅमेरा बघतो, गरम होणारी सीट तर सगळ्यात आधी. टायर बघत नाही. विकणारा म्हणतो, 'ऑल-सीझन आहेत', आणि विषय संपतो. मग पुण्याला व्हिडिओ कॉल लावून गाडी चारही बाजूंनी दाखवली जाते. आईबाबांनो, त्याच वेळी कॅमेरा जरा खाली न्यायला सांगा.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर तीन सुळक्यांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण असं छोटं चिन्ह आहे का, ते शोधा. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर पकड मोजल्याशिवाय हे चिन्ह मिळत नाही. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर समाधान मानू नका. ती अक्षरं खाचांच्या रचनेवरून मिळतात, त्यासाठी टायर बर्फावर चालवून बघायची अट नाही. शिवाय ऑल-सीझनचं रबर साधारण 7 अंशांखाली ताठर व्हायला लागतं, म्हणजे बर्फ पडायच्या आधीच, कोरड्या रस्त्यावरसुद्धा पकड कमी होते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने पाडल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडाच बर्फाला धरतात.

क्वेबेकने हा प्रश्न कायद्याने सोडवला. 2008 पासून तिथे हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आता 1 डिसेंबर ते 15 मार्च, आणि टायरवर डोंगराचं चिन्ह लागतं. शेजारच्या ओंटारियोत मात्र सक्ती नाही. थंडी दोन्हीकडे तीच, मग ही ढिलाई कशासाठी? ब्रिटिश कोलंबियात घाटरस्त्यांवर हिवाळी टायरची पाटी आहे, पण तिथे 'एम प्लस एस'ही चालतो. कायद्याने चालतं तेवढ्यावर घाटात गाडी घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कुठला घ्यायचा? आधी आपला रस्ता बघा. व्हँकुव्हर शहरातच फिरणं असेल, जिथे बर्फापेक्षा पाऊस जास्त, तर चिन्ह असलेला ऑल-वेदर पुरतो. तो वर्षभर चालतो आणि ऑल-सीझनपेक्षा वेगळा आहे; दुकानात या दोघांची गल्लत होऊ देऊ नका. टोरांटो, ओटावा, मॉन्ट्रियल इथे रोज गाडी काढायची असेल तर सरळ हिवाळीच घ्या. उत्तर ओंटारियोत, सडबरी किंवा थंडर बेकडे, नोकरी लागली तर खिळ्यांच्या टायरचा विचार करा. डोंगराचं चिन्ह बर्फावरची पकड सांगतं, पण गोठलेल्या काचेसारख्या रस्त्याचं ते काहीच सांगत नाही, आणि तिथे खिळेच कामाला येतात. दक्षिण ओंटारियोतल्या रहिवाशांना मात्र खिळ्यांचे टायर लावायची परवानगी नाही. खिळे डांबर उकरतात. जपानमध्ये त्या धुळीने शहरं इतकी बेजार झाली की 1990 मध्ये त्याविरुद्ध कायदाच करावा लागला.

सगळ्यात राग येतो तो दोनच टायर बदलणाऱ्यांचा. पुढची चाकं गाडी ओढतात म्हणून दोन नवे पुढे, आणि मागे तेच जुने. वळणावर ब्रेक दाबला की पुढचं रस्ता धरतं, मागचं सुटतं आणि गाडी गर्रकन फिरते. टायर घ्यायचे तर चार. 'माझी फोर-व्हील ड्राइव्ह आहे' हेही सांगू नका. त्याने गाडी बर्फातून निघते, थांबत नाही. थांबवायचं काम टायरचंच.

परवडत नाही, हे मला मान्य आहे. विद्यार्थ्याला चार टायर आणि वेगळ्या रिम्स एकदम घेणं जड जातं. पण रिम्स वेगळ्या असल्या की दर मोसमात टायर चढवायचा-उतरवायचा खर्च वाचतो. ओंटारियोत 1 जानेवारी 2016 पासून हिवाळी टायर लावणाऱ्यांना विमा कंपन्यांनी सवलत देणं बंधनकारक आहे; ती मागून घ्या. आणि उन्हाळी टायर तेवढे महिने झिजत नाहीत.

जुने घेणार असाल तर खाचा 4 मिलिमीटरपेक्षा खोल हव्यात. त्याखाली चिन्ह असलं तरी बर्फापुरता तो टायर गोटाच झाला. मग भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 3521 म्हणजे 2021 सालचा पस्तिसावा आठवडा. खाचा शाबूत दिसल्या तरी वर्षं उलटली की रबर कडक होतं, आणि मऊ रबरासाठीच तर पैसे मोजायचे आहेत. टायर चढले की महिन्यातून एकदा हवा चेक करा, तीही गाडी थंड असताना. पारा 5-6 अंश उतरला की साधारण 1 पीएसआय हवा उतरते.