पंख्याखालच्या दिव्याची प्रमाणित कार्यपद्धती

१. व्याख्या
पंख्याखालचा दिवा म्हणजे छताच्या एकाच हुकाला लटकणाऱ्या दोन उपकरणांपैकी खालचे. हा दिवा फोनवरून किंवा नुसते बोलून लावता-विझवता आला की त्याला स्मार्ट म्हणतात. तत्पूर्वी तो भिंतीवरचे बटण दाबल्यावर लागत असे.

२. मनुष्यबळ
मोशी, चिखली, रावेत या भागांत हे काम घरातला अभियंता हाती घेतो. चाकणच्या कारखान्यात तो रोज पीएलसी आणि सेन्सर सांभाळतो. त्यामुळे एका दिव्याला अर्धा तास पुरे, असा त्याचा अंदाज असतो. हा अंदाज तसाच लिहून ठेवावा. प्रत्यक्ष लागलेल्या वेळेची नोंद वेगळ्या वहीत करावी. तारांना हात लावण्याचे काम परवानाधारक वायरमनचे आहे. अभियंत्याने शिडी धरावी व गप्प राहावे.

३. दिवसाची निवड
या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि महावितरणची देखभाल-दुरुस्तीही बहुधा गुरुवारीच निघते. म्हणजे माणूस घरी असतो तेव्हा वीज नसते. जोडणीला हा योग उत्तम. चाचणी मात्र शुक्रवारी सेकंड शिफ्ट संपल्यावर, घर झोपलेले असताना करावी लागते. वीज गेलेली असली तरी एमसीबी पाडावा, इन्व्हर्टर बंद करावा आणि टेस्टर लावून पाहावा. इन्व्हर्टरची लाइन सर्वांत आधी पंख्यालाच दिलेली असते, हे अनेकांना शिडीवर चढल्यावर आठवते.

४. तारांची मोजणी
पंख्याची वरची वाटी खाली सरकवून छतातून आलेल्या तारा मोजाव्यात. बहुतेक फ्लॅटमध्ये तिथपर्यंत एकच फेज आणि एक न्यूट्रल आलेले असते. अशा जोडणीत बोर्डात बसवलेल्या स्मार्ट रिलेने दिवा विझवला की पंखाही थांबतो. मे महिन्यात हा दोष शोधावा लागत नाही. घरातले सगळे तो एकाच वेळी सांगतात. पक्का उपाय एकच: पाइपातून दिव्यासाठी दुसरी फेजची तार ओढणे. पाइप स्लॅबमध्ये कुठेतरी चेपलेला असतो. कुठे, हे स्लॅब ओतणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो आता दुसऱ्या साइटवर असतो.

५. रेग्युलेटर
जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. असे पंखे बनवणाऱ्या ॲटमबर्गचा कारखाना चाकणलाच आहे, तेव्हा पंखा आणि अभियंता एकाच रस्त्याने घरी येतात. बीएलडीसी मोटरचा नियंत्रक पंख्याच्या पोटातच असतो. भिंतीवरच्या रेग्युलेटरमधून वीज दिल्यास तो बिघडू शकतो. म्हणून रेग्युलेटर काढून जोडणी थेट करावी. त्याच्या जागी बोर्डाला भोक उरते. भोकासाठी नवा बोर्ड येतो, नव्या बोर्डाशेजारी भिंत जुनी दिसते, मग रंगारी येतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना वीजबचतीचे तारांकन बंधनकारक आहे. त्या ताऱ्यांत रंगाऱ्याचा हिशेब धरलेला नाही.

६. रिमोटचा मार्ग
तार ओढणे टाळण्यासाठी पंख्याच्या रिमोटची नक्कल करणारी डबी घेतात. रिमोट इन्फ्रारेड असेल तर डबीला पंखा दिसावा लागतो. ४३३ मेगाहर्ट्झचा असेल तर संदेश भिंतीपलीकडेही जातो. डबीची वाय-फायशी ओळख बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच होते. फोन ५ वर असला तर ती होत नाही आणि दोष डबीला दिला जातो.

मुख्य अडचण पुढे आहे. दिवा लावण्याचा आणि विझवण्याचा संदेश अनेक रिमोटांत एकच असतो, आणि पंखा उलट उत्तर देत नाही. कुणी मधेच मूळ रिमोट वापरला की ॲप दिवा चालू दाखवते, प्रत्यक्षात अंधार असतो. मग ‘दिवा बंद कर’ म्हटल्यावर उजेड पडतो. कारखान्यात सेन्सरने होकार दिल्याशिवाय सिलिंडर पुढे सरकत नाही. घरी येताना अभियंता हा नियम बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो.

७. वीज परत येणे
गेलेली वीज परतल्यावर दिव्याने काय करावे, याची सेटिंग अनेक उपकरणांत असते. ती ‘चालू’ अशी राहिल्यास पहाटे तीनला वीज येताच सगळे घर लख्ख उजळते आणि थर्ड शिफ्टला न गेलेलेही जागे होतात. ‘पूर्वस्थिती’ किंवा ‘बंद’ निवडावे.

८. स्वीकृती
गाडीचा सुटा भाग पीपॅप, म्हणजे सुट्या भागाची मंजुरी-प्रक्रिया, पार केल्याशिवाय लाइनवर जात नाही. घरात ही मंजुरी आजी देतात. आजी झोपताना सवयीने बोर्डावरचे बटण बंद करतात. वीजच तुटल्याने डबी, ॲप आणि अभियंता तिघेही निरुपयोगी ठरतात. ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी बटणावर चिकटवणे हा लॉकआउट-टॅगआउटचा, म्हणजे कारखान्यातल्या कुलूप-चिठ्ठीच्या पद्धतीचा, घरगुती प्रकार होय. त्यातला लॉक नसल्याने चिठ्ठी दुसऱ्या दिवशी केरात सापडते.

चूक होऊच न देणाऱ्या रचनेला जपानी कारखान्यांनी पोका-योके हे नाव दिले. येथे ती अशी: कलम ४ मधली दुसरी तार ओढावी, बोर्डात त्याच बटणामागे छोटा रिले बसवावा आणि बटण रिलेच्या इनपुटला जोडावे. रिलेला न्यूट्रल लागते. बोर्डात सॉकेट असेल तर ते तिथे मिळते. आता बटण दाबले तरी दिवा लागतो, फोनवरूनही लागतो, आणि खरी स्थिती ॲपला कळते.

आजींनी रात्री बटण दाबून दिवा विझवला आणि काही बदलल्याचे त्यांच्या लक्षात आले नाही, की काम पूर्ण झाले असे समजावे.