अर्धा आटा

रेनगन घेतली तर निदान गावाने तरी तिला रेनगन म्हणावं. आमच्याकडे पहिल्याच दिवशी 'रेन' वाहून गेला आणि 'गन' तेवढी उरली. शेजारचे आप्पा धुऱ्यावर येऊन हळूच म्हणाले, "लायसन काढलं ना बाप्पा? रोह्याले मारलं त केस होते." हे पितळी यंत्र पंचवीस-तीस मीटरपर्यंत नुसतं पाणी फेकतं, भिजण्यापलीकडे त्यातून कोणाला काही होत नाही, असं मी परोपरीने सांगितलं. आप्पांनी मान डोलावली आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

खरी अडचण वेगळीच. गन पाइपावर बसेना. मेव्हण्याने ती कुठल्याशा प्रदर्शनातून उचललेली, माल मूळचा अमेरिकेचा. गनही दीड इंची, पाइपही दीड इंची. (बाहेरून मोजाल तर हा दीड इंची पाइप जवळजवळ 48 मिलिमीटर भरतो, पाइपवाल्यांचा इंच हा श्रद्धेचा विषय आहे.) दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने फिरले आणि मग जी अडली ती पाना लावूनही हलेना. जोर करावा तर पितळ मऊ. सूत आणि सफेदा थापून पाहिला, तर मोटार लावताच आंघोळ मला. शेवटी पाइप खांद्यावर, गन पोत्यात आणि मी खामगावच्या एसटीत. कंडक्टरने पोत्याकडे बोट दाखवून विचारलं, "काय हाय?" मी खरं ते सांगितलं. शेजारची सीट लगेच रिकामी झाली.

खामगावची चांदी दूरवर जाते, त्यामुळे नाजूक कामाची कीर्ती सगळी सराफ्यात अडकली आहे. लेथवाल्या मिस्त्रींची बोटं तितकीच नाजूक, फक्त तेलाने काळी. मिस्त्रींनी खिशातून थ्रेड गेज काढला, पानं पसरून त्यातलं एक गनच्या तोंडात आट्यांवर टेकवलं आणि बॅटरी मारली. पात्याच्या दातांखालून उजेडाची केसाएवढी रेघ आली. "पाहा, इथं बसते अन् पुढं उठते. आपल्या पाइपाले इंचात अकरा आटे. हे साडेअकरावालं होय."

"अर्ध्या आट्याने एवढं काय होतं?"

"अर्ध्यानंच त होते, भाऊ!"

या अर्ध्या आट्याचा उगम मँचेस्टरला. तिथल्या जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली आट्यांना शिस्त लावली. कोन 55 अंशांचा. आपले पाइप अजून त्याच्याच शब्दात आहेत. याच गृहस्थाने षटकोनी नळीची रायफलही केली. 1860 साली विम्बल्डनला व्हिक्टोरिया राणीने त्या रायफलीने 400 यार्डांवर अचूक नेम मारला. म्हणजे बंदूक आधीच घोडीवर रोखून ठेवलेली, राणीने फक्त दोरी ओढली. उद्घाटनं तेव्हाही अशीच व्हायची. पुढे अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली. खामगावच्या बाजाराला असा काही भाव आला की 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः जलंब-खामगाव रेल्वे सुरू करायला आला. तिकडे अमेरिकेत, ऐन यादवीत, 1864 साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने जाहीर केलं की आटा 60 अंशांचाच बरा. पुढे त्यांच्या पाइपांनीही तोच कोन धरला. म्हणजे आमचा कापूस नेताना कोणाचं कुठे अडलं नाही. अडली ती माझी गन.

मिस्त्रींना व्हिटवर्थही माहीत नाही आणि सेलर्सही. त्यांनी पाइपाचं जुनं टोक कापलं, हत्यार ग्राइंडरवर धरून साठाचा कोन दिला, लेथचं बाजूचं झाकण काढून गिअर बदलले. टोक जरा निमुळतं ठेवलं. मग हात हलका ठेवून एकेक घाव. दर घावागणिक तेलाचा धूर आणि लोखंडाची कुरळी, निळसर बट. गेज लावायचा, बॅटरी मारायची, जिभेने 'च्च' करायचं, पुन्हा घाव. शेवटी गन हाताने फिरवली. चार फेरे सरळ गेली आणि नंतर हळूहळू घट्ट होत बसली. दुकानात बसलेल्या एका आजोबांनी चौकशी केली, "किती गोळ्या मावतात?"

मी पाकीट काढलं. मिस्त्री पाइप चिंधीने पुसत म्हणाले, "अकरा आट्याचे द्या. वरचा अर्धा अमेरिकेच्या खात्यावर मांडतो."