कारण : निधन

परसातल्या दोन खोल्यांचं उद्घाटन गुढीपाडव्याला करायचं, असा मुहूर्त मी स्वतः काढला होता. पाडवा होता २५ मार्च २०२०चा. नेमकी त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि माझ्या होम-स्टेत पहिला मुक्काम उंदरांनी केला. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, त्याने एका खोलीचे पत्रे उचलून शेजाऱ्याच्या पोफळीत ठेवले. "गिऱ्हाईक नाही तर नाही, तुझं छप्पर तरी फिरून आलं," शेजारी म्हणाला. दापोली तालुक्यात सहानुभूती अशीच मिळते.

३१ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेची हप्त्यांची सवलत संपली आणि पाहुण्यांबद्दलची माझी तत्त्वं पातळ होऊ लागली. मास्क, तपासणीचा दाखला वगैरे अटी मी जाहिरातीतून एकेक करून काढून टाकल्या. 'दारातून समुद्र' हे मात्र ठेवलं. पाण्याच्या टाकीवर चढलं की दिसतो.

त्यात दुसरी लाट आली. २२ एप्रिल २०२१पासून खाजगी गाडीने जिल्ह्याची हद्द ओलांडायची तर आजारपण, अंत्यविधी असलं काही घरात घडायला हवं. मागोमाग ई-पासही परत आला. अशात पुण्याहून एका तरुण जोडप्याचा फोन. दोघंही संगणकावर काम करणारी, घरात कोंडून कंटाळलेली. "काका, पासचं आम्ही बघतो." कसं बघणार, हे मी विचारलं नाही. मी विचारलं, "मासे खाता ना?" आणि निम्मे पैसे आगाऊ मागवून घेतले.

१४ मेला, अक्षय्य तृतीयेला, ती आली. गाडीच्या मागच्या काचेतून पोहायचं गुलाबी रबरी चाक दिसत होतं. चहा टाकेपर्यंत फाटकाशी पोलीस पाटील हजर, मागे ग्राम कृती दलाची मंडळी अंतर राखून उभी. पाटलांनी हात जोडले.

"आत्ताच कळलं. कशेडीच्या नाक्यावरून चौकशीला फोन होता. आई फार मायाळू होत्या हो."

"कोण गेलं रे?" ओटीवर आंबोशीसाठी कैऱ्या चिरता चिरता आईने विचारलं.

पासावर कारण होतं, 'आत्याचे निधन'. पत्ता माझा. त्या पत्त्यावर आत्या शोभेल अशा वयाची बाई एकच, आणि ती विळीवर बसलेली. खरं सांगावं तर पाहुणे आल्या पावली परत, आगाऊ रक्कम परत, वर मलाच नोटीस. खोटं रेटावं तर आई समोर. मी आईकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं. या दुसऱ्या पाहण्यात काय होतं ते तिने ओळखलं असावं, कारण पुढचा कारभार तिने हातात घेतला.

"पाटील, आलीत पोरं तर राहूदेत. चौदा दिवस अंगणाबाहेर पाऊल टाकणार नाहीत. आणि मी गेल्ये असं सरकारी कागदावर आहे ना? मग सुतक पाळतील."

पाटील हसू दाबत गेले. पण कृती दलातल्या मागच्या रांगेला आई दिसलीच नव्हती. त्यामुळे संध्याकाळपर्यंत वरच्या वाडीतून फोन: अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी, तर माझा नंबर लागेल का? आशाताईंचा फोन त्याहून व्यवहारी. आदल्याच दिवशी कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं होतं, त्यामुळे त्यांना यादी नव्याने करायची होती. आईचं नाव खोडू का, एवढंच त्यांनी हळू आवाजात विचारलं. आईचा डोस आपल्याला मिळेल का, अशी चौकशी दोघांनी करूनही ठेवली होती म्हणे. त्यातला एक माझा चुलतभाऊ.

रात्रीपासून आईचा स्वयंपाक सुरू झाला. फोडणी नाही, तळण नाही, गोड नाही. सुरमईच्या आशेने ताम्हिणी आणि कशेडी उतरून आलेल्या त्या पोरांपुढे मुगाचं वरण आणि भात. वर आई समोर बसून विचारणार, "आत्येवर फार जीव होता का रे तुझा?" मुलगा मान खाली घालून जेवायचा. बायकोने गुपचूप तळलेली कोळंबी मी मागच्या दाराने पोचवायला निघालो, तर आई म्हणाली, "तूसुद्धा सुतकातच आहेस." ती कोळंबी मांजराने खाल्ली.

१६ तारखेला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं. वीज गेली, टॉवर गेला, हापूसचा सडा पडला. उघडीप झाल्यावर मुलगा रेंज शोधत माझ्या टाकीवर चढला. समुद्र त्याला तिथून पहिल्यांदा दिसला, पण तो पाहायला सवड नव्हती. साहेबाला रजेचं कारण सांगत होता. आत्याच वापरली.

मग एके दिवशी वीज आली आणि त्यांना पुण्याची घाई झाली. पाटीलही मोकळे झाले, "न्या त्यांना एकदाची." पण परतीलाही पास हवा, पासाला कारण हवं. लॅपटॉप ओटीवर उघडून मुलगा रकान्याशी अडला होता.

"आई, काय लिहू?" त्याने अदबीने विचारलं.

आईने माझ्याकडे बोट केलं. "आता याला घाल."